कुणाच्या पोरावर कुणाची फूटपट्टी?

मागल्या महिन्यात आमच्या वस्तीत फॉर्म आला. बालसंगोपनाचा. एक बाई, एक साहेब, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं. मी सूतगिरणीतून तिसरी पाळी करून आलेलो, केसांत कापूस तसाच, उंबऱ्यावर चहा घेऊन बसलो होतो. वहिनीची त्या दिवशी सुट्टी होती. बाई विचारत गेली आणि वहिनी सांगत गेली. म्हणजे वहिनी तोंड उघडायची आणि आमची आईच सांगून टाकायची. दारात शेजारच्या चार बाया उभ्या. साहेब घड्याळाकडं बघत होते.

पोराला रोज गोष्ट वाचून दाखवता का? — नाही.

पोराबरोबर रोज किती वेळ खेळता? — वहिनी नुसती हसली.

तुम्ही कामावर जाता तेव्हा पोर कोण बघतं? — थोरली पोरगी. नऊ वर्षांची. तिची शाळा दुपारची.

पोराला मारता का? — नाही बाई, नाही.

पंधरा मिनिटांत आमच्या घराचा निकाल लागला. मी वाकून बघितलं. कागदाच्या तळाला लिहिलं होतं : संगोपनाचा दर्जा, कमी.

माझं डोकं भणाणलं. वहिनी पोराला रोज रात्री भीमाचा पाळणा म्हणून झोपवते. तिला दहा-बारा पाळणे पाठ आहेत. त्याला फॉर्मात चौकट नव्हती. पुस्तक वाचलं तर संस्कार आणि तोंडपाठ गायलं तर काहीच नाही. हे कुणी ठरवलं?

पण दोस्तहो, खरं लिहायचं तर सगळं लिहिलं पाहिजे. आदल्याच दिवशी वहिनीनं पोराला दोन धपाटे घातले होते. मी डोळ्यांनी बघितलं. सासू शेजारी, चार बाया दारात, अनोळखी साहेब समोर. अशात कोण आई सांगेल, होय, मी मारते म्हणून? म्हणजे फॉर्म आमच्या विरुद्धही खोटा आणि आमच्या बाजूनंही खोटा. खोट्याची बेरीज करून खरं निघत नाही.

त्या रविवारी आपल्या बैठकीत हा विषय निघाला. एक भाऊ म्हणाला, फॉर्म जाळून टाका. दुसरा म्हणाला, आम्हाला कुणाच्या संशोधनाची गरज नाही, आमचा अनुभव हेच सत्य. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, म्हणून हा लेख.

मी सातवी नापास माणूस. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतो. दुसऱ्या देशांतली, दुसऱ्या समाजांतली माणसं पोरं कशी वाढवतात याचा अभ्यास पंडित लोक कसा करतात, ते चिकाटीनं वाचत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर टाकतो.

1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी जगातली सहा ठिकाणं धरली. केनियातले गुसी, मेक्सिकोतले मिश्तेक, फिलिपाइन्समधलं तारोंग, ओकिनावा बेटावरचं ताइरा, खुद्द अमेरिकेतलं एक गाव आणि भारतातलं खलापूर. आपल्या रायगडातलं खालापूर नव्हे, हे उत्तर प्रदेशातलं. बिअॅट्रिस व्हायटिंग या बाईंनी 1963 साली त्याचा मोठा ग्रंथ संपादित केला. पद्धत बघा. आयांच्या मुलाखती घेतल्या. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तीन ते अकरा वर्षांच्या पोरांकडं पाच-पाच मिनिटं, पुन्हा पुन्हा, नुसतं बघितलं. पोर कुणाला मारतंय, कुणाला भरवतंय, कुणाकडं मदत मागतंय, सगळं लिहून काढलं. आई काय सांगते ते वेगळं आणि पोर काय करतं ते वेगळं. हे आमच्या फॉर्मवाल्यांपेक्षा शंभरपट बरं. ते मान्य केलंच पाहिजे.

आता खोट कुठं आहे ते बघा. खलापुरात त्यांनी पोरं कुणाची बघितली? राजपुतांची. गावचे जमीनदार ते. त्यांच्या बाया पडद्यात, सासूच्या नजरेखाली, अंगणाच्या भिंतीआड. गावात राबणाऱ्या जाती होत्या, अस्पृश्य होते, त्यांनाही पोरं होती. ती पोरं त्या मोजणीत नाहीत. लेखकांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. 1966 साली त्यांचं वेगळं पुस्तक निघालं तेव्हा नावातच लिहिलं, खलापूरचे राजपूत. प्रामाणिक नाव. लबाडी पुढं होते. सहा समाजांच्या ओळीत राजपूत उभे राहतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाटी लागते : भारत. वाचणारा म्हणतो, भारतातली आई अशी, भारतातलं पोर तसं. अंगणाच्या भिंतीची देशाची सीमा होऊन जाते.

पुढची गंमत ऐका. 1975 साली व्हायटिंग नवरा-बायकोनं पोरांच्या वागण्याचा निष्कर्ष छापला. केनिया, मेक्सिको आणि फिलिपाइन्समधली पोरं दुसऱ्याची काळजी घेणारी, जबाबदारी उचलणारी निघाली. अमेरिकेतली, ओकिनावातली आणि खलापूरची पोरं मात्र लक्ष मागणारी, दुसऱ्यावर हुकूम चालवणारी. कारण काय सापडलं? जिथं आईवर कामाचा डोंगर असतो आणि पोराला लहानपणापासून खरं काम मिळतं, धाकट्याला सांभाळायला मिळतं, तिथं पोर दुसऱ्याकडं बघायला शिकतं.

वाचलं आणि मी उडालोच! आमची नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. फॉर्मवाल्या बाईनं तिला 'दुर्लक्ष' या खात्यात टाकलं. आणि हार्वर्डचे पंडित म्हणतात, माणुसकी शिकायची एक शाळा तीच. मग कुणाचं खरं? मी लगेच पोरीच्या कष्टांची आरती ओवाळणार नाही. तिचा खेळ बुडतो, अभ्यास बुडतो, तो हिशेबही मांडला पाहिजे. पण चौकट भरणाऱ्याला दोन्ही बाजू दिसल्या नाहीत, हे तर खरं?

आणि आता आपला सवाल. खलापूरचं राजपुताचं पोर हुकूम चालवणारं निघालं ते भारतीय म्हणून, की जमीनदाराचं म्हणून? त्याच्या घरचं काम दुसऱ्या जातीच्या हातांनी होत होतं. त्याला धाकटं सांभाळावं लागत नसेल, शेण काढावं लागत नसेल, तर ते संस्कृतीमुळं की जातीमुळं? त्या अभ्यासातून याचं उत्तर निघूच शकत नाही. कारण त्याच गावातल्या पलीकडच्या वस्तीतलं पोर शेजारी ठेवून बघितलंच नाही. दोन साच्यांचं सूत तपासल्याशिवाय दोष साच्याचा की कापसाचा, हे आमच्या खात्यातला पोरगासुद्धा सांगत नाही. मग विद्यापीठं कशी सांगतात?

दुसरा मासला. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाई. 1954–55 साली त्या युगांडात गेल्या, घराघरांत जाऊन तान्ही पोरं आणि आया बघितल्या. चांगलं काम. पुढं अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्यांनी एक चाचणी बसवली. अनोळखी खोली, खेळणी, आई बाहेर जाते, परकी बाई आत येते, आई परत येते. वीसेक मिनिटांचा खेळ. आई परतल्यावर पोर कसं वागतं त्यावरून त्याच्यावर शिक्का. ही खोली मग जगभर फिरली. जपानात पोरं हमसून हमसून रडली. तिथं तान्हं पोर आईपासून सहसा वेगळं होतच नाही, ते रडेल नाही तर काय करेल? पण शिक्का बसला, नातं सुरक्षित नाही. उत्तर जर्मनीतली बरीच पोरं आईकडं वळलीच नाहीत. तिथं पोरानं लवकर स्वावलंबी व्हावं अशी घरची शिकवण. त्यांच्यावर दुसरा शिक्का. खोली एक, शिक्के तेच, पण खोलीचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा.

1988 साली दोन डच संशोधकांनी अशा 32 अभ्यासांची बेरीज मांडली. आठ देश. त्यांना काय सापडलं? देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासाअभ्यासांतला फरक मोठा, जवळजवळ दीडपट. वाचा पुन्हा! देशाच्या आत! हे तर आपण जन्मापासून सांगतोय की बाबांनो, एका गावात एक गाव नसतं. त्या आठ देशांत भारत नव्हता. असता तर माझा प्रश्न ठरलेला होता : पोरं कुठल्या आळीतली?

आता अनुभववाल्या भावाला उत्तर. भाऊ, अनुभव साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. माझी आई शपथेवर सांगते, मी तुला कधी हात लावला नाही. माझ्या पाठीला वेगळंच आठवतं. दोघंही खोटं बोलत नाही. म्हणून विचारायचंही आणि बघायचंही.

बाबासाहेबांकडं बघा. 1916 चा मे महिना, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा आपला माणूस भारतातील जातींवर निबंध वाचतो. आधीच्या पंडितांचं त्यानं काय केलं? जाळलं? नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, एकेकाची व्याख्या हातात घेतली, कुठं तोकडी पडते ते दाखवलं, कामाचं ठेवलं आणि पुढं स्वतःचं मांडलं. ही आपली परंपरा आहे. काडेपेटी ही परंपरा वेगळ्या ठिकाणी वापरायची असते, महाडला 1927 साली वापरली तशी. कुठं जाळायचं आणि कुठं तपासायचं, हे कळणं म्हणजेच चळवळ.

आणि बाबासाहेबांचं लहानपण आठवा. शाळेत वेगळं गोणपाट, ते घरी न्यायचं आणि परत आणायचं. शिपाई नसला की पाणी नाही. न्हावी केसांना हात लावत नाही, म्हणून बहीण केस कापते. हे संगोपनाच्या कुठल्या चौकटीत बसतं? फॉर्म विचारतो, आई काय करते. पोराला एकटी आई वाढवत नाही. शाळा वाढवते, पाणवठा वाढवतो, मालकाची पाळी वाढवते, गाव वाढवतं आणि गाव मोडतंही. गावाचा गुन्हा आईच्या नावावर लिहिणारी पद्धत शास्त्र नव्हे. ती पंचनाम्यातली हेराफेरी आहे.

म्हणून पुढच्या वेळी फॉर्म आला की फाडू नका, विचारा.

पोरं कुणाची निवडली, कुठल्या आळीतली? विचारणारा कोण, भाषा कुणाची, शेजारी कोण उभं? नुसतं विचारलं, की दिवसभर बसून बघितलंही? फूटपट्टी कुठल्या घरात तयार झाली? आईचे कामाचे तास आणि घरातली मजुरी लिहिली का? पोराला हात लावणारी आणि हात न लावणारी सगळी माणसं मोजली का? निष्कर्ष वस्तीत परत येऊन वाचून दाखवणार का?

हेच प्रश्न आपल्यालाही लागू. मी आपल्या वस्तीत वही घेऊन गेलो तर लोक भाऊला आवडेल तेच सांगतील. वरच्या आळीत गेलो तर मला ओसरीपर्यंतच येऊ देतील. म्हणून दोघांनी जायचं, एकमेकांना न दाखवता लिहायचं, मग ताडून बघायचं. जिथं जुळत नाही तिथं पुन्हा जायचं. बाईला बाईनं विचारायचं, एकटीला. आपलीच चूक निघाली तर तीही छापायची.

दहा वह्या मी पगारातून आणल्यात. पहिली वही वहिनीकडं. ती सही करण्यापुरतं लिहिते, पण प्रश्न तिचा पहिला आहे. त्या दिवशी फॉर्म भरून झाल्यावर तिनं बाईला साधेपणानं विचारलं होतं, "ताई, तुम्ही इकडं दिवसभर फिरता, तुमचं बाळ कोण बघतं?"

बाई क्षणभर थांबली. चांगली बाई होती, खरं बोलली. म्हणाली, "मावशी येतात कामाला. त्या बघतात."

"आणि मावशींचं?"

बाईनं फॉर्म उलटापालटा करून बघितला. त्याला चौकट नव्हती.

आपल्या वहीचं पहिलं पान तिथून सुरू होईल. येत्या रविवारी, दुसरी पाळी नसणाऱ्यांनी सकाळी दहाला यावं. पेन्सिल आपापली आणावी.

जय भीम!