'काही नाही, चटणीच!'

आमच्या जवळा बाजारच्या वस्तीत कुणाला "आज कोरड्यास काय?" असं विचारलं, की खाली मान घालून उत्तर येतं, "काही नाही, चटणीच." या 'काही नाही'बद्दल आम्हाला बोलायचं आहे.

चटणी-भाकरीची लाज वाटायचं कारण नाही. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मांडलं, तेव्हा पुष्कळांना कळलं की आपल्या ताटालाही इतिहास आहे. आणि टोमॅटो, मिरची तरी कुणाच्या मालकीची? दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आली. तिकडे मेक्सिकोत आजही टोमॅटो, मिरची, कांदा, कोथिंबीर एकत्र करून वर लिंबू पिळतात आणि मक्याच्या भाकरीबरोबर खातात. त्याला साल्सा म्हणतात. वाटायला दगडाचाच खल. म्हणजे आपला पाटा-वरवंटाच की!

आमची तक्रार वेगळी आहे. चटणी म्हणजे तिखटाची पूड, मूठभर मीठ आणि वर तेल, असं होऊन बसलंय. पोरांसाठी सॉसच्या पुड्या येतात. त्यात मीठ आणि साखरच जास्त. दिवसभरात माणसाच्या पोटात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा जास्त मीठ जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात बीपीचा माणूस असेल तर हे आणखी सांभाळावं लागतं.

त्यापेक्षा दारात मिरचीची दोन आणि टोमॅटोची तीन रोपं लावा. जागा नाही म्हणू नका. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा. टोमॅटोला काठीचा आधार द्या. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बुडाशी घाला. मिरचीवर बोकड्या आला, पानं आकसली, तर शेतातून उरलेलं औषध आणून मारू नका. जी मिरची आपण कच्ची खाणार, तिच्यावर विष कशाला? लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून फवारा. बोकड्या हटलाच नाही तर रोप उपटून टाका.

चार पिकलेले टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि कोथिंबीर पिण्याच्या पाण्याने धुऊन पाट्यावर जाडसर वाटा. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घाला, मीठ चिमूटभर. लहान लेकरांसाठी मिरची घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा. तेल लागत नाही. ही चटणी त्याच दिवशी संपवावी, उन्हाळ्यात तर त्याच जेवणाला. आंबट असल्याने ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये.

कच्च्या टोमॅटो-मिरचीत क जीवनसत्त्व असतं, शिजवलं की ते बरंच कमी होतं. भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणासोबत चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून चहा तासाभराने.

पण इथंच आम्हाला भांडायचं आहे. चटणी लोह आणत नाही, ताटातलं लोह अंगी लागायला मदत करते. ताटात डाळच नसेल तर ती काय करणार? आणि आपल्या घरात डाळ कुणाला मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा, पोरं, सासू-सासरे जेवतात, मग भाकरी थापणारी बसते. पातेलं खरवडलेलं असतं, तिच्या वाट्याला भाकरी आणि चटणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. १४ एप्रिलला आपण समतेच्या घोषणा देतो, आणि घरातल्या पातेल्याशी मात्र उतरंड तशीच! आमचं म्हणणं साधं आहे. सगळे एकदम जेवायला बसा. ते जमत नसेल तर तिच्या वाटणीचं वरण आणि अंडं आधी काढून झाकून ठेवा.

आणि जिला चार पावलं चालून दम लागतो, डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसते, तिने चटणीवर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत.