कोल्हापूरच्या पुढे रूळ केव्हा?

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे १०५० उतारू डब्यांत कोंडले गेले. बाहेर अंधार, रुळांवर पाणी, आणि ‘खाली उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात’ असा रेल्वेचा निरोप! दुसऱ्या दिवशी आपत्ती दल, नौदल व आसपासचे गावकरी यांनी दुपारपर्यंत सर्वांस सुखरूप बाहेर काढले. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. पुढे कल्याणहून मनमाड-दौंड असा वळसा घालून खास गाडीने या मंडळींस कोल्हापुरास धाडण्यात आले. काम चोख झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो.

पण गाडी कोल्हापुरास लागली की प्रवास संपला, असे कोल्हापूरकरांनी म्हणावे. १८९१ साली तेथवर आलेले रूळ आजही तेथेच थबकले आहेत. निपाणीकरास पुढे चाळीस किलोमीटर सडकेनेच यावे लागते. गाडी कोठेही रखडो, तिचा शेवटचा फटका त्यालाच बसतो, अवेळी एस.टी. मिळेल तर नशीब. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर वातावरण तापले तेव्हा बसगाड्याच बंद पडल्या, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर यमगर्णीजवळ हमरस्ताच पाण्याखाली गेला. दुसरी वाट चिकोडी रोडची. त्या स्थानकाच्या नावात चिकोडी आहे, गाव मात्र कोसभर नव्हे, कित्येक कोस दूर! तंबाखूच्या पेठेमुळे ज्या गावाचे नाव देशभर झाले, त्या गावास ना फलाट, ना मालधक्का.

कोल्हापूर-निपाणी-बेळगाव मार्गाची मागणी जुनीच आहे. मग अडते कोठे? वांगणीस गाडी अडकली त्या वेळी रेल्वेचे राज्यमंत्री बेळगावचेच खासदार, कै. सुरेश अंगडी, हे होते. त्यांच्या कारकीर्दीत बेळगाव-कित्तूर-धारवाड हा सुमारे ७३ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला, कारण कर्नाटक सरकारने जमीन आणि निम्मा खर्च पत्करला. त्याचा आम्हांस हेवा नाही. मात्र त्यातून एक गोष्ट उघड होते: नव्या रुळास आज राज्याचा पालक लागतो. एका राज्याच्या पोटातून जाणाऱ्या मार्गास तो लाभतो. सीमा ओलांडणाऱ्या मार्गाचे पालकत्व घेण्यास दोन्ही दरबार एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हांस म्हैसूर राज्यात ढकलले गेले, त्याची ही रोजची किंमत आहे. महाजन अहवाल आम्हांस अमान्य आहे. तरी १९६७ च्या त्या अहवालानेही निपाणी महाराष्ट्रास द्यावी असेच म्हटले. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर निपाणीस आपली म्हणणाऱ्या महाराष्ट्र सरकारने आपल्या हद्दीतील, निदान कागलपर्यंतच्या, मार्गाची जमीन व निम्मा खर्च देण्याचे लेखी वचन रेल्वे मंत्रालयास द्यावे, आणि पुढील टप्प्याचे उत्तर बंगळूरकडे जाहीरपणे मागावे. येत्या अधिवेशनात कोल्हापूर जिल्ह्यातील आमदारांपैकी कोण हा प्रश्न उभा करतो, तिकडे आमचे डोळे लागले आहेत.