मांडवातली सही

परदेशात आपल्या माणसाचे लग्न झाले की गावाकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला उघडपणे विचारला जातो : ‘तिकडे लग्न आपल्यासारखेच लावतात का?’ दुसरा जरा आवाज खाली करून : ‘मुलगी आपल्यातली आहे का?’ आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाचे लग्न श्रीलंकेत, कँडीजवळच्या एका गावी लागले. तेथून परतल्यावर पिंगळीत आणि परभणीत हे दोन्ही प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारले गेले की या सदरातूनच एकदा उत्तर द्यावे असे ठरवले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलगी सिंहली बौद्ध आहे. भाचा आखातात एका इस्पितळात वायरमन आणि ती तेथेच परिचारिका. तिच्या घरी बुद्धमूर्तीपुढे रोज दिवा लागतो, त्रिसरण-पंचशील म्हटले जाते. आता ती ‘आपल्यातली’ आहे की नाही, हे ज्याने त्याने स्वतः पंचशील म्हणताना मनाशी ठरवावे.

पहिल्या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर देता येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, लंकेतील बौद्ध लोक धम्म कसा आचरतात हे पाहण्यासाठी मे १९५० मध्ये स्वतः बाबासाहेब तेथे गेले होते. जागतिक बौद्ध परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हा कँडीत भरले होते. बौद्धांचे विधी आणि समारंभ प्रत्यक्ष पाहावेत, धम्म तेथे कितपत जिवंत आहे हे तपासावे, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी पाहिले, पण आहे तसे उचलून आणले नाही. पुढे डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या तोंडावर, एका पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाची पद्धत लिहून कळवली. ती किती साधी! होम नाही, सप्तपदी नाही. चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्याच्या दोन बाजूंना वधू आणि वर, मडक्यातल्या पाण्यात सोडलेल्या सुती दोऱ्याची दोन टोके दोघांच्या हाती, अंगावर पांढरी वस्त्रे, आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. झाले लग्न.

बाहेरचे पाहावे कसे आणि त्यातले घ्यावे किती, याचा हा धडा आहे. आम्हीही त्याच दृष्टीने पाहायचे ठरवले.

पोरुवावरचे लग्न

तिकडे वधूवर एका सजवलेल्या लाकडी मंचावर उभे राहतात. त्याला ‘पोरुव’ म्हणतात. चारी कोपऱ्यांत नारळाच्या फुलोऱ्याचे कलश असतात. उजवे पाऊल आधी ठेवून दोघे वर चढतात. नंतर विड्याची पाने एकमेकांना देतात, आणि आईवडिलांना, वडीलधाऱ्यांना पाने देऊन नमस्कार करतात. मग दोघांच्या उजव्या हातांच्या करंगळ्या दोऱ्याने बांधतात आणि त्यांवर झारीने पाणी सोडतात. हे काम बहुधा मुलीच्या मामाचे असते. सिंहली भाषेतही मामाला मामाच म्हणतात, हे कळल्यावर आमची आणि त्या मामांची भाषेवाचून गट्टी जमली. पाणी आणि दोरा तिकडेही आहे, बाबासाहेबांच्या पद्धतीतही आहे. आमच्या बहिणीला हे पाहूनच निम्मे घर आल्यासारखे वाटले.

उरलेले निम्मे गाथांनी आले. पांढऱ्या वेशातल्या मुली पुढे आल्या आणि जयमंगल गाथा म्हणू लागल्या. चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, पण शब्द तेच, जे पिंगळीच्या मांडवात आपण म्हणतो. बहीण चौथीपर्यंत शिकलेली. विहारात ऐकून ऐकून या गाथा तिला पाठ झालेल्या आहेत. तिने तेथे बसल्या जागी हात जोडले आणि त्या मुलींबरोबर आठही गाथा शेवटपर्यंत म्हटल्या. विहिणी वळून पाहू लागल्या. तोवर त्यांना वाटत होते की भारतातून आलेल्या या बाईला काही समजावून सांगावे लागेल.

दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. एक म्हणजे नवरा मुलगा मुलीच्या आईला पांढरे वस्त्र देतो. हिला दूध पाजून वाढवलेत, त्या दुधाची ही कृतज्ञता, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे मुलीच्या आईने व्याह्यांच्या पुढेपुढे करायचे, मानपानात काही कमी तर नाही ना म्हणून जीव मुठीत धरायचा. तेथे जावई वाकतो. हुंडा तिकडे नाही असे नव्हे, तो तिकडेही आहे. पण निदान मांडवात सर्वांसमोर मुलीच्या आईचे ऋण बोलून दाखवले जाते.

दुसरी गोष्ट, लग्न भिक्खू लावत नाहीत. भन्ते लग्नाआधी घरी येतात, परित्तपाठ करतात, दान स्वीकारतात, आशीर्वाद देऊन विहारात परततात. पोरुवावरचा विधी जाणता गृहस्थच करतो. आमच्याकडे काही घरी ‘भन्तेजींची तारीख मिळाली नाही’ म्हणून लग्न पुढे ढकलतात, आणि गावातला प्रशिक्षण घेतलेला बौद्धाचार्य बाजूला बसून राहतो. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य घडवले ते याच कामासाठी. त्यांचा मान आपण ठेवला पाहिजे.

जे तेथेच ठेवून आलो

आता दुसरी बाजू. पोरुवावर पाय कधी ठेवायचा, खाली कधी उतरायचे, दिवा कधी लावायचा, याच्या वेळा ज्योतिषाने मिनिटांसह काढून दिलेल्या होत्या. त्याला तिकडे ‘नेकत’ म्हणतात. लग्न जुळवताना पत्रिकाही पाहिल्या जातात. मुलीचे वडील शाळामास्तर, वाचन दांडगे, तरी घड्याळाकडे डोळे लावून बसलेले.

आम्ही त्यांना भाच्याच्या मध्यस्थीने जातकातल्या एका कथेची आठवण करून दिली. नक्षत्र जातक म्हणतात तिला, क्रमांक ४९. शहरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरला. नंतर आपल्या ओळखीच्या आजीवक साधूला त्यांनी विचारले, नक्षत्र कसे आहे? आधी विचारले नाही म्हणून तो रुसला होता. त्याने सांगून टाकले, आज नक्षत्र वाईट. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी दिवसभर वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या स्थळाला दिली. नक्षत्राची वाट पाहणाऱ्या मूर्खाच्या हातून भलेपणा निसटतो, हे त्या कथेचे तात्पर्य. मास्तर मोकळेपणाने हसले. म्हणाले, कथा ठाऊक आहे, पण बायकोच्या माहेरचे ऐकत नाहीत. हे वाक्य आम्हाला परके वाटले नाही. हळद का लावता, मुहूर्त का पाहता, असे आपल्याकडे विचारले तर हेच उत्तर मिळते.

याहून मोठी गोष्ट जातीची. तेथील वर्तमानपत्रांत स्थळांच्या जाहिराती येतात आणि त्यांत ‘बौद्ध’ या शब्दाला लागून जातीचे नाव छापलेले असते. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या सियाम निकायात पुढे एकाच वरच्या जातीतील मुलांना दीक्षा देण्याचा रिवाज पडला. त्याच्या विरोधात इतर जातींतील लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातून दीक्षा आणून अमरपूर निकाय उभा केला. भगवंतांच्या संघात जात शिरली, ती अशी. म्हणून केवळ देश बौद्ध आहे एवढ्यावरून तेथले सगळेच धम्माचे असे मानू नये. आणि त्यांच्याकडे बोट दाखवताना, ‘मुलगी आपल्यातली आहे का’ हा आपला दबका प्रश्नही विसरू नये.

टेबल, नोंदवही आणि दोन सह्या

आमचा जन्म कचेरीतल्या कागदांत गेला. त्यामुळे की काय, त्या समारंभात आमची नजर पोरुवाच्या शेजारी मांडलेल्या एका टेबलावर गेली. पांढरे कापड, फुलांचे तबक आणि विवाह नोंदणी अधिकारी. विधी आटोपताच वधूवर टेबलाशी बसले. अधिकाऱ्याने दोघांना विचारले, तुमच्या मर्जीने हे लग्न होत आहे ना? दोघांनी होकार दिला. आधी सह्या त्यांच्या, मग साक्षीदारांच्या. नवरदेव परदेशी असल्याने जादा कागद लागले होते, त्यांची धावपळ अगोदरच झाली होती. सह्या होत असताना ढोल थांबवले होते आणि लोक उठून उभे राहून पाहत होते. तिकडे सही हा लग्नाचाच एक भाग असतो. कँडी भागातील सिंहली लोकांना तर १८५९ पासून विवाह नोंदणीचा कायदा लागू आहे. त्यांच्या १९५२ च्या विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाची नोंद नसेल तर ते लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नाही.

लंकेतून काही आणायचे असेल तर ते हे आणावे.

आमच्याकडे लग्नात मंडप, डीजे, जेवणावळी, फोटो, व्हिडिओ, सगळ्याला पैसा आणि वेळ असतो. नोंदणीला नसतो. ‘गरज पडेल तेव्हा काढू’ असे म्हणतात. गरज कधी पडते? वस्तीतल्या एका भगिनीचे उदाहरण सांगतो. लग्न होऊन सहा वर्षे झाली, पदरात मूल, आणि नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला. पोटगीसाठी गेली तर तो म्हणाला, ही माझी बायकोच नाही. लग्नपत्रिका पावसात गेली होती, लग्नाचे फोटो सासरी राहिले होते. लग्न लावणारे बौद्धाचार्य वारले होते. शेवटी जेवणाला आलेल्या पाहुण्यांना साक्षीसाठी गोळा करत फिरावे लागले, त्यात दोन वर्षे गेली. नवरा वारल्यावर निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, विम्याची रक्कम मिळवताना विधवा बहिणींचे हेच हाल होतात. आमच्या टेबलावर असे अर्ज आम्ही पाहिले आहेत.

दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांची लग्ने १८ वर्षे पुरी होण्याआधी झालेली होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या. हे आकडे सर्व समाजांचे मिळून आहेत, पण आपल्या वस्त्या त्यातून सुटलेल्या नाहीत. ऊसतोडीला जाताना पोरीला कुठे ठेवायचे, या काळजीने आईबाप घाई करतात. त्यांची अडचण खरी आहे. पण वय कमी असले की नोंदणी होत नाही, म्हणून नोंदणीच टाळतात. म्हणजे ज्या मुलीला कागदाची सर्वांत जास्त गरज, तिच्याच हाती कागद नसतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. महाराष्ट्रात तर १९९८ चाच कायदा आहे. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात महानगरपालिकेत किंवा नगरपालिकेत. मुदत टळली तरी जादा शुल्क भरून होते. दोघांच्या वयाचे आणि राहण्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. नोंदणी नाही म्हणून आपल्याकडे लग्न रद्द ठरत नाही हे खरे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे बाईच्या डोक्यावर येते.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी सांगितलेल्या साध्या पद्धतीत हे नवे खूळ कशाला? बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत केलेला विवाह नोंदणी पद्धतीचा होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पिंगळी आणि आसपासच्या गावांतील धम्मबांधवांपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो :

तारीख ठरवण्याआधी बौद्धाचार्यांनी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा नसेल तर लग्न लावण्यास नकार द्यावा, मग घर कितीही जवळचे असो. असे लग्न ठरत असल्याचे कळले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे.

मंगलपरिणयाच्या मंचावर एका बाजूला छोटे टेबल असावे. जयमंगल गाथा आणि प्रतिज्ञा झाल्या की, जेवणाआधी, नोंदणीचा नमुना तेथेच भरावा. साक्षीदार त्या दिवशी हजर असतातच, नंतर त्यांना गावोगाव शोधावे लागते. पहिली सही वधूची असावी. माईकवरून तिचे नाव पुकारावे आणि तेवढा वेळ डीजे बंद ठेवावा.

नमुना घेऊन आठवड्याच्या आत वधूवर आणि साक्षीदारांनी ग्रामपंचायतीत जावे. दाखल्याच्या दोन प्रती घ्याव्यात, एक सासरी आणि एक मुलीच्या आईच्या पेटीत.

ज्यांची लग्ने पूर्वीच झाली आहेत त्यांच्यासाठी विहारात दर पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करू. वयाने आजी-आजोबा झालेल्या जोडप्यांनीही संकोच करू नये. कागद आणावेत, पैसे लागणार नाहीत, शासकीय शुल्क तेवढे ज्याचे त्याने भरावे.

जयभीम! नमो बुद्धाय!