लबकचा चेक आणि आमचे दाम



बैठकीत कोणीतरी हमखास उठतो आणि म्हणतो, "अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला घरबसल्या चेक पाठवते. आपल्यालाही तसाच मिळावा, असा ठराव करा." टाळ्याही पडतात. आमचे म्हणणे एवढेच की टाळी वाजवण्याआधी तो चेक उलटापालटा करून नीट वाचावा.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात लबक नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. पाऊस वीस इंचांच्या आत. पिके कापूस आणि ज्वारी. बोअरला पाणी आहे तिथे ओलीत, बाकी कोरडवाहू. म्हणजे दुखणे आपल्यासारखेच. 2001-02 साली जगाच्या बाजारात रुई पौंडाला 40 सेंटच्या आसपास घसरली. भाव पडला की शेतकरी पुढच्या साली पेरा कमी करतो, ही जगाची रीत. पण अमेरिकेने 2002 च्या कायद्यात 72.40 सेंट भाव ठरवला आणि नोंदलेल्या क्षेत्रावर बाजारातली तूट तिजोरीतून भरून द्यायला सुरुवात केली. मग पेरा कमी कशाला होईल? रुई येतच राहिली, भाव दबलेलाच राहिला.

हे आमचे रडगाणे नाही. ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत फिर्याद केली. 2005 मध्ये अमेरिका अपिलातही हरली आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन तिने ब्राझीलशी तडजोड केली. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या गरीब देशांनी 2003 मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले होते. वर त्याच अमेरिकेने 2018 मध्ये तक्रार केली की भारत कापसाला जास्त आधार देतो! चोराच्या उलट्या बोंबा!

बरे, तो चेक लबकच्या लहान शेतकऱ्याला तरी तारतो का? चेक ठरतो जमिनीच्या जुन्या नोंदीवर. 2000 पासून 130 कोटी डॉलर शेती न करणाऱ्यांना गेले, असे वॉशिंग्टन पोस्टने 2006 मध्ये छापले. ज्याची जमीन मोठी त्याचा चेक मोठा. तो शेजाऱ्याचे रान घेतो, आणि दुसऱ्याची जमीन करणाऱ्याचा खंड चढतो.

आता आपला सातबारा उघडा. पीएम किसानचे 6 हजार, राज्याच्या नमो शेतकरीचे 6 हजार. मिळतात सातबाऱ्यावरच्या नावाला. ठोक्याने वावर करणारा कोरडा, आणि जिच्या नावावर वावर चढले नाही ती बहीणही कोरडी. हिशेब करा. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये. तोच कापूस 7,110 ला घालावा लागला, तर 20 क्विंटलमागे 20 हजार गेले. हाती आले 12 हजार. आठ हजारांनी लुबाडून घेतल्यावर आभार कोणाचे मानायचे?

आणि भाव आपोआप पडत नाही, पाडला जातो. मार्च 2012 मध्ये सरकारने कापसाची निर्यात बंद केली. ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क माफ केले, आणि ऐन वेचणीचा काळ धरून मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या उघड्या दारातून अमेरिकेची रुईही येऊ शकत होती. म्हणजे तिकडे चेक घेऊन स्वस्त झालेला माल इकडे बिनशुल्क, आणि आम्ही मात्र चेकची वाट बघत बसायचे!

ठराव करायचा तर असा करा. कापूस घरात यायच्या वेळी आयात मोकळी करू नका. भाव चढला की निर्यात अडवू नका. जो पेरतो त्याची पेऱ्यात नोंद करा, मग जमीन कोणाचीही असो. एवढे झाले तर चेक मागायला आम्ही तहसीलच्या दारात उभे राहणार नाही. आमच्याकडून नेलेले आधी परत करा. दानाचे नंतर बघू.