दोन दिवस दिवाडी बेटावर

सुट्टी जवळ आली की कित्येक घरांत एक मूक दुःख वावरू लागते. शेजारची मंडळी कोठे तरी दूर जाऊन येतात, मुले त्यांच्या गोष्टी ऐकतात आणि वडील खिशाचा विचार करून विषय बदलतात. कोणी कर्ज काढून जातात व पुढे हप्ते फेडता फेडता सहलीचा आनंद विसरतात. कोणी मुळीच जात नाहीत. वाचकहो, हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

प्रेषित थकून परतले आणि त्यांना जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांना मचव्यातून एकांत स्थळी विसाव्यास नेले, हे संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात आपण वाचतो. विसावा ही श्रीमंतांची चैन नव्हे, श्रमणाऱ्यांची ती गरज आहे.

बेळगावकडील कुटुंबांना असे एकांत स्थळ फार दूर शोधावयास नको. गोव्यात मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोरच दिवाडी बेट आहे. शनिवारी पहाटेच्या बसने चोर्ला घाटातून पणजी गाठावी, तेथून जुन्या गोव्याची बस धरावी. बॉम जीझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचे दर्शन घेऊन नदीकाठच्या धक्क्यावर यावे. फेरीबोट थोड्याच वेळात पैलतीरी पोहोचविते आणि पायी उतारूंकडून भाडे घेत नाही. मुलांना या जलप्रवासाचे जे अप्रूप वाटते, त्याला पैशाचे मोल नाही.

खर्चाच्या बाबी तीनच: प्रवास, मुक्काम आणि भोजन. दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ घरून न्यावा म्हणजे पहिल्या दिवसाची चिंता मिटते. मुक्कामाची जागा आधीच विचारून ठरवावी. दोन कुटुंबांनी मिळून घेतल्यास भार हलका होतो. पावसाळ्यानंतर माघापर्यंतचे दिवस हवेस उत्तम. मात्र २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या सणापर्यंत जुन्या गोव्यात यात्रेकरूंची दाटी असते. स्वस्त मुक्काम हवा असेल त्यांनी ते दिवस वगळावेत.

बेटावर पायीच हिंडावे. येथील खाजण शेती मुलांना अवश्य दाखवावी. खाऱ्या पाण्याला बांध घालून ही जमीन राखलेली असते. बांधातील मानशीची लाकडी दारे भरती येताच पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात अशा शेतांत खारेपणा सोसणारे कोरगुटसारखे भात पिकते, पुढे तेथेच मासळी मिळते. पूर्वजांचे हे शहाणपण कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून बोलके आहे. पाण्यात मात्र कोणासही उतरू देऊ नये. चिखल फसवा असतो आणि जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत.

सहलीच्या निमित्ताने रविवारची मिस्सा चुकवू नये. पियेदादच्या टेकडीवर दुःखी मातेचे देऊळ आहे. वेळ शनिवारीच विचारून ठेवावी. मिस्सेनंतर अंगणातून नदीपलीकडची जुन्या गोव्याची शिखरे पाहावीत आणि मुलांना फादर जाकोम गोन्साल्विस यांची हकीकत सांगावी. १६७६ साली याच बेटावर जन्मलेले हे धर्मगुरू १७०५ साली सिलोनला गेले. तेथे डच सत्तेखाली कॅथलिकांचा छळ होत होता. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषा आत्मसात करून त्यांत ग्रंथ रचले, आणि १७४२ साली त्याच भूमीत देह ठेवला. एवढ्याशा बेटावरचा मुलगा केवढ्या कार्यास निघाला, हे त्याच मातीवर उभे राहून ऐकलेले मूल सहसा विसरत नाही.

एक विनंती आहे. हिशेब मांडताना एक तिकीट अधिक धरावे. आपल्या आळीत वडिलांवाचून वाढणारे किंवा आजारी आईपाशी अडकलेले एखादे मूल असेल. त्या मचव्यात त्यालाही जागा असू द्यावी.