टाच दुखते म्हणून लाकडी खडावा घालाव्यात का?

"डॉक्टर, टाचेसाठी खडावा मागवल्यात. रोज घातल्या तर चालतील ना?" चाकण, भोसरीच्या कंपन्यांत काम करणारे रुग्ण हा प्रश्न अधूनमधून विचारतात. कोणी आळंदीहून आणलेल्या असतात, कोणी ऑनलाइन. कोणी जपानी लोकांच्या 'गेता' या लाकडी चपलांचा व्हिडिओ दाखवतात.

माझं मत आधीच सांगतो. पाय निरोगी असतील तर घरात थोडा वेळ खडावा घालायला हरकत नाही. पण तो टाचेचा उपचार नाही. आणि मधुमेह असेल तर खडावा नकोतच.

आठ तास सेफ्टी शूज घालून काँक्रीटच्या फरशीवर उभं राहिलं की तळपायाचा जाड पडदा ताणला जातो. हा पडदा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. त्याला सूज आली की सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं नकोशी होतात. यालाच प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात.

आता खडाव पाहा. लाकूड वाकत नाही, दबत नाही. टाचेला मागून पट्टा नाही. पाऊल टाकताना अंगठा आणि शेजारच्या बोटाने खुंटी धरून ठेवावी लागते. म्हणजे दुखऱ्या पायाला आराम मिळण्याऐवजी जास्तीचं काम लागतं. मग काहींना बरं का वाटतं? बहुतेक वेळा दिवसभराचे घट्ट बूट निघालेले असतात म्हणून!

"पण आपले संत, ऋषी खडावाच घालायचे ना?" देहू-आळंदीच्या पादुकांपुढे मीही डोकं टेकवतो. पण तो श्रद्धेचा विषय आहे, त्यावरून टाचेचा उपचार ठरत नाही. गेताचंही तसंच. पाय आणि कपडे चिखलापासून वर राहावेत हा तिचा मोठा उपयोग होता. आज जपानमध्ये ती मुख्यतः सणासमारंभाला पारंपरिक पोशाखावर दिसते. रोजच्या कामाला तिथेही बूटच.

माझी खरी काळजी ॲक्युप्रेशरच्या टोकांवाल्या खडावांची आहे. माझ्या एका मधुमेही रुग्णाने पायाला मुंग्या येतात म्हणून अशा खडावा रोज घातल्या. तळव्याला जखम झाली, पण दुखलं नाही, म्हणून कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा ते आले. मधुमेहात नसा बधिर होतात, तेव्हा वेदनेची सूचनाच मिळत नाही. अशी जखम चिघळली तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. वेळेत आले म्हणून त्यांचा पाय वाचला.

तुमची टाच दुखत असेल तर हे करा:

१. पलंगावरून उतरण्याआधी टॉवेलने पायाची बोटं स्वतःकडे ओढा. ३० सेकंद, तीन वेळा.
२. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण घ्या, दिवसातून दोनदा.
३. सेफ्टी शूजमध्ये मऊ इनसोल घाला. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर कळतं.
४. घरात कडक फरशीवर अनवाणी न फिरता मऊ चप्पल घाला.

बहुतेकांना एवढ्याने काही महिन्यांत आराम पडतो. धीर मात्र हवा.

मधुमेह असेल, तर रोज रात्री तळवे आरशात पाहा आणि डॉक्टरांना विचारून एमसीआर चप्पल घ्या. बधिरपणा, सूज, जखम किंवा रात्री झोपेतही दुखणं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका.

ज्येष्ठांनी ओल्या फरशीवर खडावा घालूच नयेत. टाचेचं दुखणं बरं होतं, पण पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळं घर अडकतं.

हौस म्हणून खडावा जरूर घाला. औषध म्हणून मात्र नको.