राउटर चालू, रेंज फुल, मग वायफाय का जातं?

"नेट गेलं!" ही आरोळी आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून किती वेळा ऐकू येते? आणि मग शिव्या कुणाला? आधी राउटरला, मग नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना, शेवटी नेट देणाऱ्या कंपनीला. स्वतःच्या लॅपटॉपवर कुणाचा संशयच जात नाही. फार तर एखादा सिनियर येतो आणि फर्मान काढतो, "फॉरमॅट मार." पेशंटची नाडीही न बघता ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.)

मी धारणीची. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट, असं जवळपास दीडशे किलोमीटर. मेळघाट म्हटलं की लोक लगेच विचारतात, "तिकडे रेंज तरी असते का?" आमच्याच तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल व्हिलेज म्हणून देशभर गाजलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच हरिसालवरून सभांमध्ये वाद रंगले. एकजण म्हणतो नेट आहे, दुसरा म्हणतो नाही. पण टॉवरपासून माणसाच्या बोटापर्यंत मध्ये किती टप्पे असतात, ते मोजायला कुणाला वेळ आहे?

धारणीत माझ्या मामांचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. तिथे लाईट जाणं नेहमीचंच. इन्व्हर्टरवर राउटर, एक पंखा आणि दोन बल्ब. लॅपटॉप-प्रिंटरचा बोर्ड त्यावर नाही, कारण प्रिंटर लावला की इन्व्हर्टर बसतो. म्हणजे लाईट गेली की राउटर चालू आणि लॅपटॉप बॅटरीवर. आणि नेमकं तेव्हाच लॅपटॉपचं वायफाय तुटायचं. गेल्या सुट्टीत एक कोरकू मुलगी वडिलांसोबत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. ओटीपी आला, वायफाय गेलं, परत आलं, तोवर साईटनं बाहेर काढलं. असं तीनदा झालं. शेवटी गावाकडची गाडी सुटायची वेळ झाली आणि दोघं उठले. दुसऱ्या दिवशी परत यायचं म्हणजे वडिलांची मजुरी बुडणार. मामा म्हणाले, "जाऊ दे पोरी, मेळघाट आहे हा. इथं नेट असंच रायते."

मला हे पटेना. कारण त्याच वेळी, त्याच राउटरवर माझ्या मोबाईलचं वायफाय छान चालू होतं! मग मेळघाटाचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवरून थेट राउटरलाच पिंग लावलं. बाहेरच्या साईटला लावलं असतं तर दोष आत आहे की बाहेर ते कळलंच नसतं. चार्जर लावलेला असताना उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत. चार्जर काढला तर आकडा शंभराच्या वर, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुन्हा लावला, ठीक. पुन्हा काढला, तेच. लाईट जाण्याची वाट बघायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती पिन उपसली तरी रोग हजर.

आता यामागचं गणित. वायफायचं मूळ ८०२.११ स्टँडर्ड १९९७ चं, आणि तेव्हापासूनच त्यात वीज वाचवण्याची सोय आहे. राउटर साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन पाठवतो, म्हणजे हाळी देतो म्हणा ना. लॅपटॉपचं कार्ड मधल्या वेळात डुलकी काढतं, हाळीला जागं होतं, आणि "तुझं टपाल आलंय" असं कळलं की ते मागून घेतं. तोवर राउटरनं टपाल सांभाळायचं. दोघांनी नियम पाळले तर सुंदर व्यवस्था. पण ड्रायव्हर उशिरा उठला किंवा राउटरनं टपाल फेकून दिलं, की संपलं. विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये बाजारात आलं, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टलाच सांगावं लागलं होतं की काही अ‍ॅक्सेस पॉइंटना ही डुलकी झेपत नाही, म्हणून बॅटरीवरच्या लॅपटॉपचं कनेक्शन रखडतं किंवा तुटतं.

मामांच्या लॅपटॉपवर पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरची सेटिंग बॅटरीसाठी 'मीडियम पॉवर सेव्हिंग' होती. ती 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' केली, बाकी कशालाही हात लावला नाही. पिंग सरळ झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही.

दुसरा प्रकार वेगळा: कनेक्शन नुसतं रखडत नाही, तर अख्खं कार्डच गायब होतं, विशेषतः झोपवलेला लॅपटॉप उठवल्यावर. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढून बघा. यूएसबीचा छोटा डोंगल असेल तर यूएसबी हबलाही तशीच खूण असते. लिनक्सवाल्यांनी नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्ह २ करावं (३ म्हणजे चालू). काही नव्या लॅपटॉपांत तर हा टॅबच दिसत नाही, आणि याचा मला खरा राग येतो. वीज कुठे वाचवायची हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावरची लाईट बहुधा कधी जात नसावी. वाचवायचीच तर स्क्रीनचा उजेड कमी करा, तो कितीतरी जास्त बॅटरी खातो.

पण म्हणून सरसकट सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. धारणीसारख्या ठिकाणी बॅटरीचं एकेक मिनिट कामाचं असतं. आधी चार्जर काढून-लावून बघा, फरक पडला तरच सेटिंगला हात लावा.

हॉस्टेल ऑफिसला एक विनंती. नेटच्या तक्रारवहीत दोन रकाने वाढवा: "चार्जर लावलेला होता का?" आणि "त्याच वेळी मोबाईलवर नेट होतं का?" सरांच्या निम्म्या चकरा वाचतील असं मला वाटतं. आणि ज्यांची खूण काढून झाली आहे त्यांनी ड्रायव्हर अपडेट झाल्यावर एकदा परत डोकावावं, ती गुपचूप पुन्हा येऊन बसू शकते.